मूत्राशयाचं जुनं दुखणं आणि नाशिकचं ताट

नाशिकच्या घरात सकाळी कडक चहा होतो, रविवारी मिसळ असते, आमटीत टोमॅटो पडतो, जानेवारी ते एप्रिल फळांच्या टोपलीत द्राक्षं असतात आणि उन्हातून पाहुणा आला की लिंबू सरबत पुढे येतं. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याचं निदान झालं की रुग्णाच्या हाती पथ्याची एक यादी पडते. चहा, तिखट, टोमॅटो, द्राक्षं आणि लिंबू ही पाचही नावं तिच्यात सापडतात. त्यापुढे दही, कांदा, केळी, चॉकलेट, सोडा, लोणचं, व्हिनेगर, दारू अशी रांग लागते.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि ही यादी पर्समध्ये घडी घालून येणाऱ्या बायका पाहते. अनेकींनी ती अक्षरशः पाळलेली असते. वरण-भात, दूध-पोळी आणि उकडलेला बटाटा यांवर महिनोन्महिने काढलेले असतात. वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन घसरलेलं, केस गळतायत, आणि दुखणं मात्र थोडंसंच कमी. मग प्रश्न येतो, "ताई, आता मी खाऊ तरी काय?"

माझं उत्तर असं की त्या यादीतली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला बाधत नाही. तुम्हाला बाधणारे मोजके पदार्थ शोधायचे, तेवढेच सोडायचे आणि बाकीचं पोटभर खायचं. ते शोधायचे कसे, हे समजण्यासाठी आधी आजार थोडा समजून घ्यावा लागतो.

दुखणं नेमकं कोणतं

डॉक्टरांच्या कागदावर इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम असं लिहिलेलं असतं. मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी. ती भरत आली की ओटीपोटात दुखतं, दाब येतो, जळजळतं. लघवी करून आलं की जरा बरं वाटतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दिवसभरात सात-आठ वेळा लघवीला जाणं नेहमीचं मानतात. या आजारात ती संख्या दुपटी-तिपटीवर जाऊ शकते आणि रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत होते. हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल, लघवीत जंतू सापडत नसतील आणि दुसरं कारणही मिळत नसेल, तर डॉक्टर या निदानाकडे वळतात. बायकांमध्ये प्रमाण जास्त आहे, पण पुरुषांनाही हा आजार होतो आणि त्यांच्या बाबतीत प्रोस्टेटचं दुखणं समजून उपचार चालू राहण्याची शक्यता असते.

काही रुग्णांच्या मूत्राशयात दुर्बिणीने पाहिल्यावर लालसर व्रण दिसतात. अमेरिकेतले डॉ. हनर यांनी १९१५ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना हनर लीजन म्हणतात. बहुसंख्य रुग्णांना मात्र असे व्रण नसतात. सोनोग्राफी नॉर्मल, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आणि बाई रात्री चार वेळा उठते. "रिपोर्टमध्ये काहीच नाही, म्हणजे मनाचं आहे," असं तिला घरी ऐकावं लागतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. हे दुखणं खरं आहे. साध्या तपासण्यांत ते दिसत नाही, एवढंच.

पथ्य सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. लघवीची नुसती रुटीन तपासणी पुरेशी नाही, कल्चरही, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणीही, व्हायला हवी. कल्चरमध्ये जंतू वाढले तर तो संसर्ग आहे आणि त्याचा उपचार वेगळा. कल्चर न करता दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स घेणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. जंतूच नसतील तर त्या गोळ्या पोट बिघडवण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. आपल्याकडे आणखी एक शक्यता विसरून चालत नाही. लघवीत पू-पेशी दिसतात आणि साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, तेव्हा मूत्रमार्गाचा क्षय आहे का हे बघावं लागतं. तो मूत्राशय आकसवतो आणि लक्षणं थेट अशीच दिसतात. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शिवाय मुतखडा, मधुमेह आणि वय जास्त असेल तर मूत्राशयातली गाठ, हे सगळं डॉक्टरांनी बाजूला सारल्यावरच आहाराकडे यायचं.

खाल्लेलं तिथे कसं पोचतं

मूत्राशयाच्या आतल्या बाजूला एक पातळ, चिकट संरक्षक थर असतो. लघवीत युरिया, पोटॅशियम आणि शरीराने बाहेर टाकलेली अनेक द्रव्यं असतात. हा थर त्यांना भिंतीत शिरू देत नाही. या आजारात तो थर विरळ होतो आणि पोटॅशियमसारखे क्षार आत झिरपून मज्जातंतूंना चिडवतात, असा एक महत्त्वाचा सिद्धान्त आहे. काही रुग्णांच्या मूत्राशयाच्या भिंतीत मास्ट पेशी वाढलेल्या आढळतात. अॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी त्या ह्याच. आणि दुखणं फार काळ राहिलं की मज्जातंतूच हळवे होतात. भाजलेल्या हाताला कोमट पाणीही चटका देतं, तसं अशा मूत्राशयाला थोडी लघवी साठलेलीसुद्धा सोसत नाही.

आता पदार्थांकडे बघू. चहा-कॉफीतलं कॅफीन दोन बाजूंनी काम करतं. ते लघवीचं प्रमाण वाढवतं आणि मूत्राशयाच्या स्नायूलाही चाळवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहींवर, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या जागांवर, बसून जिभेला आग लावतं, तसेच ग्राही मूत्राशयाच्या मज्जातंतूंवरही असतात. दारू लघवी वाढवते आणि तिच्यातली आम्लं वेगळी त्रास देतात. आतडी आणि मूत्राशय यांच्या संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू मणक्यात एकमेकांच्या शेजारी येतात, त्यामुळे पोट चाळवलं की मूत्राशयही कुरकुरतं.

आंबटाचं गणित मात्र वाटतं तितकं सरळ नाही. "आंबट खाल्लं की लघवी आंबट होते आणि मग जळजळते," असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. शरीरात तसं घडत नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल पेशींमध्ये जळून जातं आणि त्यातून शेवटी बायकार्बोनेट तयार होतं, म्हणजे लघवी उलट थोडी कमी आम्ल होते. काही संशोधकांनी या रुग्णांच्या मूत्राशयात कमी-जास्त आम्ल असलेलं द्रव भरून पाहिलं, तेव्हाही वेदनेत ठळक फरक आढळला नाही. तरीसुद्धा लिंबू, संत्रं, टोमॅटो यांनी त्रास होतो असं रुग्ण सातत्याने सांगतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात शंभरावर रुग्णांना विचारलं, तेव्हा सुमारे ९० टक्के जणांनी काही ना काही खाण्यापिण्यामुळे लक्षणं वाढतात असं सांगितलं. कॉफी, चहा, सोडा, दारू, संत्रावर्गी फळं, टोमॅटो, तिखट, कृत्रिम गोडी आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या ही नावं पुन्हापुन्हा आली.

त्रास खरा आहे, पण तो कुठल्या वाटेने होतो हे पूर्ण उलगडलेलं नाही. म्हणूनच पदार्थ आंबट आहे की गोड, एवढ्यावरून तो तुम्हाला चालेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. खाऊनच बघावं लागतं, आणि तेही शिस्तीत.

स्वतःची यादी कशी करायची

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधांबरोबर ही पद्धत सांगितलेली आहे. आधी संशयित पदार्थ सगळे एकदम थांबवायचे आणि मग एकेक परत आणायचा. ऐकायला सोपं आहे. करताना बहुतेकांचं घोडं दुसऱ्या टप्प्यावर अडतं: थांबवणं जमतं, परत आणायची हिंमत होत नाही.

पहिला टप्पा दोन ते चार आठवड्यांचा. या काळात चहा-कॉफी, सोडा, दारू, लिंबू-संत्रं-मोसंबी, टोमॅटो, चिंच, आमसूल, कैरी, लोणचं, व्हिनेगरवाले सॉस, तिखट, कच्चा कांदा, चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या बंद. चहा मात्र एका दिवसात तोडू नका. कॅफीन अचानक थांबलं की दोन-तीन दिवस डोकं भणभणतं आणि माणूस पथ्याला शिव्या देत परत कपाकडे जातो. आठवडाभरात पावडर निम्मी करा, मग कप निम्मा करा, मग गवती चहावर या. गवती चहा, वेलची आणि दूध, चहापत्ती नाही. ग्रीन टीने काम भागत नाही, त्यातही कॅफीन असतं.

रोजची एक वही ठेवा. काय खाल्लं आणि किती वाजता, किती वेळा लघवीला गेलात, शून्य ते दहा या मापात दुखणं किती, एवढं पुरे. दोन गोष्टी मात्र त्यात हव्यातच: पाळीची तारीख आणि झोप. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींचं दुखणं आपोआप वाढतं. त्या दिवशी खाल्लेल्या बिचाऱ्या फ्लॉवरवर ठपका येतो आणि तो कायमचा ताटातून जातो. खड्ड्याखड्ड्यांतून स्कूटरवरचा तासाभराचा प्रवास, घट्ट जीन्स, शरीरसंबंध, ताणाचा आठवडा, यांनीही भडका उडतो. हे लिहिलं नाही तर दोष अन्नावरच जातो.

चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर तुमच्या आजारात आहाराचा वाटा कमी आहे असं समजा आणि नेहमीचं जेवण सुरू करा. हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. पथ्याने फरक पडत नसेल तर पथ्य आणखी कडक करायचं नसतं.

फरक पडला असेल तर दुसरा टप्पा. एका वेळी एकच पदार्थ. टोमॅटो परत आणायचा आहे, तर पहिल्या दिवशी भाजीत एक-दोन फोडी, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. त्रास काहींना अर्ध्या तासात होतो, काहींना दुसऱ्या दिवशी, म्हणून मध्ये वेळ सोडायचा. तीन दिवस शांत गेले तर टोमॅटो तुमच्या ताटात परत आला. त्रास झाला तर थांबायचं, दुखणं पूर्ण निवळू द्यायचं आणि मग पुढचा पदार्थ. ज्याने त्रास झाला त्यालाही काही महिन्यांनी पुन्हा एकदा संधी द्या. चांगल्या काळात मूत्राशय बरंच सोसतं. सुरुवात तुम्हाला सगळ्यात जास्त आवडणाऱ्या पदार्थापासून करा. त्यासाठी चिकाटी टिकते.

मिसळ, टोमॅटो, द्राक्षं

मिसळीबद्दल विचारलं नाही असा नाशिककर रुग्ण मला आठवत नाही. मिसळीत मोड आलेली मटकी असते आणि ती उत्तम आहे; प्रथिनं आहेत, तंतू आहेत. त्रास द्यायची शक्यता आहे ती रश्श्याची, लाल तर्रीची, वरून पिळलेल्या लिंबाची, कच्च्या कांद्याची आणि शेवटी घेतलेल्या कटिंगची. पाच संशयित एका बशीत. त्यामुळे मिसळ खाल्ल्यावर दुखलं तर नक्की कोणामुळे हे कळायला मार्ग नाही. घरी करा. मटकीची उसळ जिरं, हिंग, हळद, धणेपूड आणि ओलं खोबरं घालून, तिखटाशिवाय. वर थोडी साधी शेव. हे जमलं की पुढच्या खेपेला शिजवलेल्या कांद्याचं वाटण, मग थोडा काळा मसाला, असं एकेक वाढवत जा. अनेकांना शिजवलेला कांदा चालतो आणि कच्चा चालत नाही. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांदा पूर्ण सोडायची वेळ फार थोड्यांवर येते.

टोमॅटोचं वेगळं. पिंपळगाव आणि गिरणारेच्या बाजारात क्रेट उतरू लागली की घराघरांत टोमॅटो प्रत्येक भाजीत पडतो, कारण स्वस्त असतो आणि भाजीला अंग देतो. ताजा टोमॅटो थोडा चालणाऱ्यांनाही केचप आणि प्युरी चालत नाही असं होतं, कारण तो आटवलेला असतो आणि केचपमध्ये व्हिनेगरही येतं. टोमॅटो काढल्यावर भाजी फिकी लागते ही तक्रार खरी आहे. तिच्यावर इलाज आपल्याच स्वयंपाकघरात आहे: भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं, भाजलेले तीळ, भरपूर कोथिंबीर, लसणाची फोडणी, चिमूटभर गूळ. डांगर, म्हणजे लाल भोपळा, शिजवून घोटलं की आमटीला रंगही येतो आणि दाटपणाही. आंबटपणाच हवा असेल तर ताजं, गोडसर ताक आधी करून बघा. चिंच किंवा आमसूल लगेच धरू नका. आमचूर हा टोमॅटोला पर्याय नाही. तीही वाळवलेली कैरीच.

द्राक्षांत मुख्य आम्ल टार्टारिक असतं, आणि चिंचेतही तेच. घड जसजसा पिकतो तशी साखर वाढते आणि आम्ल उतरतं. म्हणून जानेवारीतली लवकर काढलेली, चकचकीत हिरवी द्राक्षं आणि मार्चमधली पिवळसर झाक आलेली द्राक्षं यांत मोठा फरक असतो. द्राक्षं आजमावायची तर उशिराची, गोड, आठ-दहाच मणी, आणि जेवण झाल्यावर. रिकाम्या पोटी नाहीत. ताजी द्राक्षं न सोसणाऱ्यांपैकी अनेकांना तपकिरी किंवा काळे मनुके चालतात. सोनेरी बेदाण्यांना बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते, ते वेगळे तपासा. वाइनबद्दल लांबण लावत नाही. दारू आणि द्राक्षाचं आम्ल दोन्ही एकत्र येतात, आणि दुखणं चालू असताना ती टाळलेलीच बरी. फळांत नाशपाती, टरबूज, खरबूज, खजूर, पिकलेला गोड आंबा ही सहसा सोसतात. टरबुजात पाणी खूप, तेव्हा ते रात्री नको.

बाकी ताट भरलेलंच आहे हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. बाजरी, ज्वारी, त्र्यंबक-पेठ भागातली नागली, इगतपुरीचा इंद्रायणी तांदूळ, गव्हाची पोळी. मूग, मसूर, तूर, मटकी. गिलके, दोडके, दुधी, डांगर, गवार, कोबी, फ्लॉवर, गाजर, बीट, मटार, मेथी, शेपू. अंबाडी आणि आंबट चुका तेवढे बाजूला ठेवा. दूध, पनीर, तूप, अंडी, चिकन, मासे. वांग्याच्या भरताने त्रास झाला तर वांग्याला दोष देण्याआधी त्यातली मिरची काढून एकदा करून बघा.

तब्येतीसाठी म्हणून घेतलेलं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सकाळी उठून कोमट पाण्यात लिंबू-मध, मग आवळ्याचा रस, दुपारी सॅलडवर अॅपल सायडर व्हिनेगर, सर्दीसाठी क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी. एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या या गोष्टी अशा मूत्राशयाला नको असतात. क जीवनसत्त्व हवं तर कोबी, फ्लॉवर आणि मटार यांतूनही मिळतं.

क्रॅनबेरीचं विशेष सांगते. लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होणाऱ्यांना क्रॅनबेरी सुचवतात, आणि दुकानात "लघवीसाठी काहीतरी द्या" म्हटलं की तिचंच पाकीट हातात पडू शकतं. या आजारात जंतू नसतात आणि क्रॅनबेरी अतिशय आंबट असते. अनेक रुग्णांचं दुखणं तिच्यामुळे वाढतं.

उन्हाळी लागली की आजी जे देते त्यातही निवड करावी लागते. धण्याचं पाणी, जवाचं पाणी, भिजवलेला सब्जा हे बहुतेकांना सोसतं. लिंबू सरबत आणि कोकम सरबत मात्र वहीत नोंद करूनच घ्या. लघवीची आग कमी करणारी गोड पातळ औषधं, म्हणजे अल्कलायझर सिरप, काहींना थोडा आराम देतात. पण त्यांत पोटॅशियम किंवा सोडियम असतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाब असेल तर ती मनाने घेऊ नका. खाण्याच्या सोड्यालाही तेच लागू.

पाणी आणि पोट

सतत लघवीला जावं लागतं म्हणून पाणी तोडणं ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत महागात पडणारी सवय. पाणी कमी झालं की लघवी गडद होते, तिच्यातले क्षार दाट होतात आणि आधीच हळव्या भिंतीला ते जास्त टोचतात. शाळेतल्या शिक्षिका, बसच्या कंडक्टर, बाजार समितीत निवड-टिपणीचं काम करणाऱ्या बायका पाणी टाळतात ते हौसेने टाळत नाहीत. स्वच्छ मुतारी जवळ नसते. हा दोष त्यांचा नाही, आणि त्यावर आहारतज्ज्ञाकडे औषधही नाही. एवढं सांगू शकते की एकदम बाटली रिकामी करण्यापेक्षा तासाभरात अर्धा-पाऊण पेला असं घोट-घोट प्यायलं तर मूत्राशय एकदम फुगत नाही. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची राहिली म्हणजे पाणी पुरेसं. झोपण्याच्या दोन तास आधी हात आखडता घ्या. एप्रिल-मेमध्ये अर्थातच जास्त लागेल.

बद्धकोष्ठ हा दुसरा छुपा वाटेकरी. मोठं आतडं भरलेलं असलं की शेजारच्या मूत्राशयावर दाब येतो आणि ओटीपोटातले स्नायू आखडतात. यादीच्या भीतीने भाज्या-फळं सोडलेल्यांना बद्धकोष्ठ होतं, त्यामुळे दुखणं वाढतं, आणि वाढलं म्हणून त्या आणखी काहीतरी सोडतात. भाकरी, मोडाची कडधान्यं, शिजवलेल्या पालेभाज्या आणि रात्री भिजवलेले चार काळे मनुके यांनी हे चक्र तुटायला मदत होते.

उपवास धरणाऱ्यांसाठी दोन शब्द. नवरात्रात वणीच्या गडावर जाताना दिवसभर साबुदाणा आणि रिकाम्या पोटी चार कप चहा, हे या आजारात फार जड जातं. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतात. त्याऐवजी भगर, आमसूल न घालता केलेली दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, दूध आणि खजूर ठेवा. मिरचीऐवजी जिरं. चहाशिवाय उपवास निघत नसेल तर खाल्ल्यानंतर अर्धा कप, फिका.

घरात कसं जमवायचं

वेगळा स्वयंपाक करायचा नाही. तो दोन आठवड्यांहून जास्त टिकत नाही आणि करणाऱ्या बाईचाच जीव जातो. आमटी शिजली की टोमॅटो आणि तिखट घालण्याआधी आपली वाटी काढून घ्यायची आणि तिच्यावर जिरं-लसणाची छोटी फोडणी द्यायची. पाच मिनिटांचं काम आहे. कठीण असतं ते घरी सांगणं. लघवीच्या दुखण्याबद्दल सासऱ्यांसमोर काय बोलायचं, नणंदेला काय सांगायचं, म्हणून मुली गप्प राहतात आणि "नखरे करते" हे ऐकून घेतात.

माझ्याकडे येणाऱ्या एकीने शेवटी सासूबाईंना एकट्यात गाठलं. "आई, डॉक्टरांनी माझ्या लघवीच्या पिशवीला सूज सांगितली आहे. तिखट-आंबट चार आठवडे बंद करून बघायचंय. तुमची मदत लागेल." सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग बोलायचं नाही का आधी? मी आपली रोज तुझ्या पानात लोणचं वाढतेय." त्यानंतर आमटीची पहिली वाटी त्याच काढून ठेवू लागल्या. सगळ्या घरांत असं होईल असं मी म्हणणार नाही. पण आजाराचं नाव, पथ्याची मुदत आणि नेमकी कोणती मदत हवी, या तीन गोष्टी सांगितल्या की समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं. "मला हे चालत नाही" एवढ्यावर कोणी काय करणार?

लग्नात, बाहेर जेवताना, आधी घरी थोडं खाऊन जा. वाढप्याकडून साधा भात, वरण, तूप, पोळी, बटाट्याची सुकी भाजी, काकडी मागून घेता येते. गोडाचं सहसा चालतं, चॉकलेटचं सोडून.

भडका उडतो त्या दिवशी

पथ्य कितीही पाळलं तरी अधूनमधून दुखणं उसळतं. त्या दोन-तीन दिवसांत मऊ, फिकं आणि थोडं-थोडं खा: मुगाची खिचडी तुपासह, दुधी किंवा गिलक्याची भाजी, दूध-भात, नाचणीची पेज. पाणी चालू ठेवा, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवा आणि सैल कपडे घाला. मागच्या चोवीस तासांत काय खाल्लं, झोप किती झाली, पाळी जवळ आहे का, हे वहीत उतरवून ठेवा. नवीन पदार्थ आजमावण्याचे दिवस हे नव्हेत.

ताप, थंडी वाजून येणं, कमरेच्या एका बाजूला जोराची कळ, लघवीतून रक्त, किंवा लघवीच न होणं, यांपैकी काहीही असेल तर हा भडका समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदर असाल किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असेल तर चार आठवड्यांचं पथ्यही विचारूनच सुरू करा. आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. "सारखं दुखतं" यापेक्षा "गेल्या आठवड्यात रात्री रोज चार वेळा उठले, चहा बंद केल्यावर दोन वेळा" हे त्यांना औषध ठरवायला कितीतरी जास्त उपयोगी पडतं.